दुष्टांची भरभराट डोळ्यांसमोर असताना ख्रिस्तावरील विश्वास कसा टिकवावा?

लेखापाल_बडोदा

सर्वांना सलाम. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. मनात बरेच दिवस साचलेला एक प्रश्न येथे मांडत आहे.

आमच्याकडे कंत्राटी मजूर पुरवणारे एक गृहस्थ आहेत. मजुरांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम दरमहा कापली जाते, पगाराच्या चिठ्ठीवर ती छापलेलीही असते, परंतु ती निधीच्या खात्यात पोहोचत नाही. दाहोदकडून आलेली एक मजूर स्त्री परवा माझ्या खिडकीशी आली. तिच्या मुलाने मोबाईलवर पासबुक उघडून दिले होते, आणि होळीनंतरच्या एकाही महिन्याची नोंद त्यात नव्हती. चिठ्ठ्या तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपून ठेवल्या होत्या. "साहेब, कापलेले पैसे गेले कुठे?" एवढेच तिने विचारले.

हे गृहस्थ आमच्याच मंडळीचे सभासद आहेत. नाताळच्या उपासनेत त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, त्यांच्या देणगीतून ध्वनिक्षेपक आले म्हणून शाल घालून सत्कार होतो, आणि दरवर्षी त्यांचा व्यवसाय वाढतच जातो. मी प्रार्थना सोडलेली नाही. मात्र "परमेश्वर न्यायी आहे" हे शब्द सर्वांबरोबर म्हणताना माझा आवाज अडतो. पवित्र शास्त्र जाणणाऱ्यांनी आणि अशा प्रसंगातून गेलेल्यांनी लिहावे. नुसते "धीर धरा" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे.

मांजलपूरकर

सलाम, बंधू. स्तोत्र ३७ पुन्हा वाचा. दुष्कर्म करणाऱ्यांमुळे जळफळू नका, ते गवतासारखे लवकर कापले जातील, असे दावीद तेथे सांगतो. त्याच स्तोत्रात तो म्हणतो की मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, तरी नीतिमान टाकलेला मी पाहिला नाही. आमच्या गल्लीत एक सावकार होता. त्याने अनेकांची घरे लुबाडली, आणि शेवटी त्याला असा आजार जडला की अंथरुणावरून उठणे झाले नाही. देवाच्या घरी उशीर होतो, पण न्याय चुकत नाही.

निवृत्त_शिक्षिका

मांजलपूरकर, आपल्या विश्वासाबद्दल आदर राखून मला एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. त्या सावकाराला जो आजार झाला, तोच आजार आमच्या मंडळीतील एका अत्यंत सात्त्विक बाईंना झाला होता. एकाच्या बाबतीत आजार म्हणजे शिक्षा आणि दुसरीच्या बाबतीत परीक्षा, असे आपण कोणत्या आधारावर ठरवावे? लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे प्रभू येशू विचारतो, आणि "नाही" असे स्वतःच स्पष्ट उत्तर देतो. निरपराध असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र हेच गणित मांडत बसले होते. शेवटी परमेश्वर त्यांच्यावर रागावला, आणि देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबाविषयी मात्र "तो माझ्याविषयी यथार्थ बोलला" असे म्हणाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आपल्या शहरात हे सर्वांनी पाहिले. पाणी कोणाचे पाप मोजून घरात शिरले नाही. नदीच्या पात्रालगत भराव घालून पैसे कमावणाऱ्यांपैकी कितीतरी जण उंचावरच्या घरांत कोरडे राहिले, आणि सखल वस्तीतल्या माणसांची धान्याची पिंपे तरंगली. परमेश्वर नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, हे वचन मी संडे स्कूलमध्ये अनेक वर्षे शिकवले. त्या आठवड्यात ते उच्चारणे मला जड गेले. म्हणून दुष्टाच्या आजारपणावर आपला विश्वास उभा करू नये, असे मी नम्रपणे सुचवते. तो माणूस उद्या ठणठणीत बरा झाला, तर आपण काय करणार?

रेवाकाठ

शिक्षिकाबाईंशी सहमत. आमच्या घरी पुराचे पाणी आले होते. "प्रभूने तुम्हाला काहीतरी शिकवण्यासाठी हे केले असेल," असे समाचाराला आलेल्या एकाने म्हटले होते. चिखल काढायला मात्र तो थांबला नाही.

आसाफाचा_वाचक

लेखापाल, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला स्तोत्र ७३ मध्ये अधिक सापडते. आसाफ मंदिरातील गायकांपैकी होता, म्हणजे उपासना चालवणाऱ्यांपैकीच एक. त्याच्या नावावर असलेल्या बारा स्तोत्रांपैकी या स्तोत्रात तो उघड सांगतो की दुर्जनांची भरभराट पाहून मला त्यांचा हेवा वाटला आणि माझे पाय घसरण्याच्या बेतात होते. त्या माणसांचे वर्णन तो किती जवळून करतो ते पाहा. त्यांची शरीरे धष्टपुष्ट आहेत, गर्व त्यांच्या गळ्यात हारासारखा आहे, जुलूम त्यांनी वस्त्रासारखा पांघरला आहे. "मी आपले मन शुद्ध ठेवले ते व्यर्थच," इथपर्यंत तो येतो. आपला आवाज ज्या जागी अडतो ती जागा पवित्र शास्त्रातच आहे आणि ती तेथून कोणी खोडून काढलेली नाही, याचा मला फार आधार वाटतो.

पंधराव्या वचनात तो म्हणतो की मी हे असे उघड बोलत सुटलो असतो, तर देवाच्या लेकरांच्या पिढीशी बेइमानी केली असती. आपल्या शंकेने दुबळ्याचा विश्वास मोडू नये, ही काळजी त्याला आहे, तरी देवापुढे मात्र तो काही लपवत नाही. सतराव्या वचनात तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि त्याला दुष्टांचा शेवट उमगतो. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्तोत्र संपते तेव्हाही ते दुष्ट तसेच श्रीमंत आहेत. त्यांचे काही बिघडल्याची बातमी आसाफाला मिळालेली नाही. तो घसरणाऱ्या जागेवर उभा असतानाच देवाने त्याचा उजवा हात धरलेला होता, एवढे त्याला कळले, आणि त्यानंतर देवाजवळ असणे यातच माझे कल्याण आहे असे तो म्हणू शकला. त्यांच्याजवळ जे आहे ते आपल्याला मिळावे, ही ओढच त्याच्या मनातून उतरली.

उत्तर_हवे

मी पूर्वी नियमित उपासनेला जात असे, आता जात नाही. आसाफाचा वाचक यांनी लिहिलेले मनापासून आवडले, तरी मला विचारावेसे वाटते की आसाफाच्या मनाला शांती मिळाल्याने दाहोदच्या त्या बाईचे पैसे परत येतात काय? आपण प्रश्न मांडतो अन्यायाचा आणि उत्तर देतो ते आपल्या अस्वस्थतेवर. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याला "देव माझा वाटा आहे" असे म्हणणे सोपे जाते. शेवटच्या दिवशी न्याय होईल या आश्वासनाचा सर्वांत मोठा लाभ आज त्या ठेकेदारालाच होतो, कारण तोवर त्याला कोणीही काहीही विचारत नाही. मी हे दुखावण्यासाठी लिहीत नाही. याच प्रश्नाने मला मंडळीबाहेर नेले.

नगरची_लेक

उत्तर हवे, आपला राग रास्त आहे, आणि हाच राग पवित्र शास्त्रात आहे हे सांगण्यासाठी मी लिहिते. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. धनवानांच्या शेताची कापणी करणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे तेथे म्हटले आहे. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, मग तो स्वकीय असो की परदेशी. अन्यायाने घर बांधणाऱ्याला आणि शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेणाऱ्याला यिर्मया संदेष्टा धिक्कारतो. भविष्य निर्वाह निधीची चोरी याहून वेगळी कोठे आहे?

पहिल्या रांगेतील खुर्चीविषयी बोलायचे, तर त्याच पत्राचा दुसरा अध्याय जणू आमच्या मंडळीसाठीच लिहिलेला आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला "तू तेथे उभा राहा" म्हणायचे, यालाच याकोब दुष्ट विचाराने केलेला न्याय म्हणतो. मला त्या ठेकेदारापेक्षा शाल घालणाऱ्यांची अधिक चिंता वाटते.

माझे आजोबा अहमदनगर जिल्ह्यातून कामासाठी बडोद्याला आले. जातीमुळे काय सोसावे लागले याच्या गोष्टी आमच्या घरात आहेत. याच शहरात १९१७ मध्ये डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढले गेले, आणि कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. कमाटी बागेजवळून जाताना आजोबा ही हकिगत आम्हाला सांगत. त्यांना बाहेर काढणाऱ्यांची भरभराट त्या दिवशी थांबली नव्हती. आजोबा विश्वासात राहिले ते अन्यायाला देवाची इच्छा समजून नव्हे. अन्याय देवाच्या इच्छेविरुद्ध आहे अशी त्यांची खात्री होती.

मांजलपूरकर

शिक्षिकाबाईंचा आक्षेप मी वाचला, त्यावर विचार करीत आहे. परंतु मंडळीतील माणसाविषयी बोलताना जपावे असे मला वाटते. गहू आणि निदण यांचा दृष्टान्त आठवा. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, असे धनी सांगतो. एका माणसासाठी मंडळीत दोन तट पडले, तर साक्ष कोणाची बिघडेल?

निवृत्त_शिक्षिका

तो दृष्टान्त फार महत्त्वाचा आहे, परंतु त्याचा अर्थ प्रभूने स्वतःच सांगितला आहे: शेत हे जग आहे. मंडळी हे शेत आहे असे तेथे म्हटलेले नाही. कोवळेपणी निदण गव्हासारखेच दिसते, ओंबी धरल्यावरच ओळखू येते, आणि तोवर मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून जगातील सर्व दुष्टांना आजच नाहीसे करण्याचे काम प्रभू आपल्या हाती देत नाही. देव थांबतो यामागे कृपा आहे, कारण त्या थांबण्यात आपल्यालाही पश्चात्तापाला वेळ मिळतो.

मंडळीतील बंधूने अपराध केला तर काय करावे, यासाठी मात्र मत्तयाच्या अठराव्या अध्यायात वेगळी आणि स्पष्ट वाट आहे. आधी एकांतात बोला, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्या, तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगा. पैशाच्या बाबतीत पौल तर विलक्षण दक्ष आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्याच्या हाती न ठेवता तो बरोबर इतरांना पाठवतो, आणि करिंथकरांना लिहितो की प्रभूसमोरच नव्हे, तर माणसांसमोरही जे योग्य ते करण्याची आम्ही काळजी घेतो. साक्ष बिघडते ती गप्प बसल्याने. दाहोदची ती बाई उद्या आपल्या दाराशी आली आणि पहिल्या खुर्चीवर तिला तो माणूस दिसला, तर ख्रिस्ताविषयी तिचे काय मत होईल?

दांडियाबाजार

मी ख्रिस्ती नाही. या शहरात लहानाचा मोठा झालो आणि माझे पुष्कळ मित्र फतेगंजला राहतात, म्हणून हा धागा आस्थेने वाचत आहे. आमच्याकडे याला पूर्वकर्माचे उत्तर देतात: आजचे सुख जुन्या पुण्याचे, आजचे दुःख जुन्या पापाचे. परंतु अडलेल्या माणसासमोर उभे राहून हे बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यापेक्षा आमच्या संतांनी विठोबाशी जी भांडणे केली ती मला अधिक खरी वाटतात. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावले आणि देवाला बोल लावण्यात काही उणे ठेवले नाही. आपल्या परंपरेत देवाशी असे भांडता येते काय, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आसाफाचा_वाचक

दांडियाबाजार, आपण विचारलेत हे फार चांगले झाले. रेव्ह. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, तेव्हा ही वाट आम्हाला परकी नाही. यिर्मया परमेश्वराला म्हणतो की तू न्यायी आहेस हे मला ठाऊक आहे, तरी मी तुझ्याशी वाद घालणार, दुर्जनांचा मार्ग यशस्वी का होतो? त्याला मिळालेले उत्तर गोड नाही. पायी धावणाऱ्यांबरोबर धावून तू थकलास, तर घोड्यांशी शर्यत कशी करशील, असे देव त्याला विचारतो. हबक्कूक संदेष्टा यहूदातील जुलमाविषयी तक्रार करतो, तर मी खास्दी, म्हणजे बाबेलच्या लोकांना उठवत आहे असे त्याला सांगितले जाते, आणि ते तर आणखी क्रूर. तो पुन्हा तक्रार करतो आणि मी माझ्या बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहीन असे म्हणतो. वधस्तंभावर प्रभूने "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे विचारले, तेही बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. ज्याला निरपराध असताना दोषी ठरवले आणि ज्याचा न्यायाधीश हात धुऊन मोकळा झाला, तोच आमचा प्रभू आहे. म्हणून अन्याय सोसणाऱ्याकडे आम्ही देवाने टाकलेला माणूस म्हणून पाहू शकत नाही.

कामगारांचा_वकील

मी कामगारांचे खटले चालवतो. चर्चा वाचली, आणि मला वाटते की लेखापाल यांच्या हाती जे आहे ते त्यांना कळावे. कापलेला निधी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत जमा करावा लागतो. कामगाराच्या पगारातून रक्कम कापून ती न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो. ठेकेदाराने भरणा केला नाही, तर मूळ कारखान्याकडूनही वसुली होऊ शकते, त्यामुळे हा "ठेकेदाराचा खासगी मामला" आहे असे व्यवस्थापनाला म्हणता येत नाही. त्या बाई स्वतःचा यूएएन, म्हणजे निधी खात्याचा क्रमांक देऊन निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. त्यांनी जपलेल्या चिठ्ठ्या हा उत्तम पुरावा आहे. थकलेल्या रकमेवर व्याजही लागते.

लेखापाल_बडोदा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलसाहेब, आपण लिहिलेल्यापैकी काही गोष्टी मला ठाऊक होत्या. मूळ कारखान्याच्या जबाबदारीचा मुद्दा मात्र व्यवस्थापनासमोर तोंड उघडण्यासाठी मला उपयोगी पडेल. नोकरीची भीती आहे. मुलगी महाविद्यालयात शिकत आहे.

एक शंका उरते. सूड घेऊ नका, क्षमा करा, अशी प्रभूची आज्ञा आहे. मी तक्रारीला हातभार लावला, तर तो सूड ठरेल काय? त्या माणसाविषयी माझ्या मनात कडवटपणा आहे, तेव्हा माझा हेतू शुद्ध आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

कारेलीबाग

ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि पुढे काही वर्षे मयूरभंजमध्ये कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा त्यांनी आपल्या मनापुरती केली, न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. आपण तर येथे स्वतःच्या पैशासाठी लढत नाही. त्या बाईंच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? फिलिप्पैमध्ये पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले आणि मग गुपचूप सोडू लागले, तेव्हा त्याने जायला नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. त्याला कोणी सूडबुद्धीचा म्हणत नाही. मनातील कडवटपणा प्रार्थनेत मांडा. तो निघून जाईपर्यंत तक्रार थांबवली, तर त्या बाईंचे आणखी काही महिने जातील.

उत्तर_हवे

चर्चा या वळणावर आली याचा मला आनंद आहे. तरी मूळ प्रश्न शिल्लक आहे. समजा तक्रार झाली, फाईल दाबली गेली, लेखापाल यांची नोकरी गेली, आणि तो माणूस पुढच्या नाताळलाही पहिल्या रांगेत बसला. मग?

नगरची_लेक

मग तसेच होईल, आणि असे झालेले आहे. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर हिटलरच्या राजवटीला विरोध करीत राहिले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला जेमतेम महिना उरला असताना, त्यांना फाशी दिले गेले. जुलमाचा शेवट त्यांनी पाहिला नाही.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नानंतर थोड्याच काळात पती. १९०० च्या सुमारास छप्पनियाच्या दुष्काळात आपल्या गुजरातेतूनही निराधार मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नेले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या समाजाने त्यांना छळले त्याने त्यांच्या हयातीत काही माफी मागितली नव्हती. हबक्कूक शेवटी म्हणतो की अंजिराला फूल आले नाही, द्राक्षवेलीला फळ धरले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. त्या ओळी लिहिताना खास्दी लोक अजून यायचेच होते. उत्तर हवे, आपला प्रश्न मिटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. पुनरुत्थान झाले असे मी मानते, म्हणून फाईल दाबली जाणे हा शेवटचा निकाल आहे असे मी मानत नाही, आणि म्हणूनच ती पुन्हा उघडायला लावण्याचे बळ मला येते.

उत्तर_हवे

शेवटच्या वाक्यावर मी विचार करीन. तक्रारीच्या कामी काही लिहून हवे असल्यास मला कळवा, मी अर्ज लिहून देतो.

मांजलपूरकर

लेखापाल बंधू, मी त्या गृहस्थांना व्यक्तिशः ओळखतो असे आपल्या वर्णनावरून वाटते. नाव येथे लिहू नका. मत्तय अठराप्रमाणे पहिले बोलणे एकांतात व्हायचे असेल, तर मी आपल्याबरोबर येण्यास तयार आहे. त्यांनी ऐकले नाही, तर दुसऱ्या वेळेचा साक्षीदारही मीच होईन. पाळकसाहेबांशी सत्काराविषयी बोलायला शिक्षिकाबाई आल्या तर बरे होईल, त्यांचा शब्द ते मानतात.

निवृत्त_शिक्षिका

येते. रविवारी उपासनेनंतर भेटू.

कामगारांचा_वकील

बोलणी अवश्य करा, पण त्याआधी चिठ्ठ्यांच्या आणि पासबुकाच्या प्रती काढून ठेवा. कारखान्याची कागदपत्रे लेखापाल यांनी बाहेर नेऊ नयेत, कामगारांचे स्वतःचे कागद पुरेसे आहेत. त्याच ठेकेदाराकडील आणखी कोणाची कपात थकली आहे का, तेही त्या बाईंना विचारा. अनेकांनी मिळून तक्रार केली की एकट्यादुकट्याला कामावरून काढून प्रकरण मिटवणे कठीण जाते.